वारीची वाट राखतं कोण? शेगाव, पैठण आणि तुळजापूरच्या पायी मार्गांची गोष्ट

घटस्थापनेच्या आदल्या एक-दोन रात्री तुळजापूरहून बाहेर पडणारा कुठलाही रस्ता बघा. अनवाणी पोरं हातात पेटती ज्योत घेऊन पळताना दिसतील. पुढे एक जण, मागे टेम्पोत किंवा मोटरसायकलवर बाकीचे. दमला की दुसरा ज्योत घेतो. औसा, किल्लारी, निलंगा, उमरगा या पट्ट्यात तर हे दृश्य नेहमीचंच. पुढे कोजागरीला उलटा ओघ सुरू होतो. सोलापूर, लातूर, बिदर, कलबुर्गी अशा चारी बाजूंनी लोक चालत तुळजापूरला येतात. गर्दी इतकी असते की सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरची वाहनं दुसरीकडून वळवावी लागतात.

अमेरिकेत किंवा युरोपात शेकडो किलोमीटरच्या पायी मार्गाला ‘हायकिंग ट्रेल’ म्हणतात. त्याला नकाशा असतो, खुणा असतात, तो राखणाऱ्या संस्था असतात. आपल्याकडे तसलं काही नाही, असं सोशल मीडियावर बऱ्याचदा वाचायला मिळतं. पण मराठवाड्यातून जाणारे पायी मार्ग बघितले, तर ते अंतरात कुठे कमी पडत नाहीत. फरक आहे तो ते कोण राखतं, यात.

शेगाव ते पंढरपूर, आणि परत

श्री गजानन महाराजांची पालखी शेगावहून निघते आणि परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा करत आषाढीला पंढरपुरात पोचते. हे अंतर सातशे किलोमीटरहून जास्त आहे आणि चालायला महिनाभर लागतो. बहुतेक पालख्यांचे वारकरी आषाढीनंतर एसटी किंवा रेल्वेने घरी जातात. शेगावची पालखी मात्र परतीचा प्रवासही पायीच करते, तोही वेगळ्या वाटेने: बार्शी, बीड, जालना, सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव. जाणं-येणं धरलं तर हजार किलोमीटरचा आकडा सहज ओलांडला जातो. शेवटच्या खामगाव–शेगाव टप्प्यात आजूबाजूच्या जिल्ह्यांतले लोक पालखीबरोबर चालायला येतात, तेव्हा रस्ता दिसेनासा होतो.

पैठणहून निघणारी संत एकनाथ महाराजांची पालखी ही मराठवाड्याची मानाची पालखी. ती बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या भागातून जाते. तिची रिंगणं मिडसांगवी, पारगाव घुमरे अशा गावांत होतात. एरवी बातम्यांत न येणारी ही गावं त्या एका दिवशी हजारो माणसांचं जेवण रांधतात.

तुळजापूरचाच आणखी एक पायी मार्ग फारसा कुणाला माहीत नसतो. दसऱ्याला देवीचं सीमोल्लंघन ज्या पालखीतून होतं ती नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून येते. त्यानंतर देवी ज्या पलंगावर निद्रा घेते तो पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावहून येतो. पलंग वाहून आणण्याचा मान ठरावीक घराण्यांकडे आहे. वाटेत कुठल्या गावात पलंग थांबणार, तिथे सेवा कुणी करायची, हेही परंपरेनं ठरलेलं. म्हणजे वाट कागदावर आखलेली नाही, पण शेकडो किलोमीटरमधला प्रत्येक मुक्काम कुणाच्या तरी नावावर आहे.

मार्ग राखतो म्हणजे नक्की काय करतो?

वारीच्या मार्गावर खुणेचे दगड नाहीत. वाट लक्षात राहते ती मुक्कामांमुळे. दिंडी दरवर्षी त्याच गावात, त्याच मंदिरात, शाळेत किंवा त्याच घराच्या अंगणात उतरते. अन्नदान कुठल्या दिवशी कुणाचं, हे वर्षानुवर्षं ठरलेलं असतं. घरातला म्हातारा गेला तर मुलगा ती जबाबदारी उचलतो. नाही उचलली, तर पुढच्या वर्षी दिंडीला दुसरी जागा शोधावी लागते. अशा दोन-चार जागा एकापाठोपाठ गेल्या की वाटच सरकते.

चालणाऱ्यांची शिस्तही मार्ग राखण्याचाच भाग. दिंड्यांना क्रमांक असतात. रथाच्या पुढे कोण, मागे कोण हे ठरलेलं असतं. कधी थांबायचं, कधी निघायचं हे चोपदार सांगतो. देहूहून पालखी नेण्याची प्रथा तुकाराम महाराजांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये घातली. आळंदीच्या सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकर यांनी, एकोणिसाव्या शतकात. लाखो माणसं एका रस्त्यानं चालतात आणि तरी गोंधळ होत नाही, याचं श्रेय पोलिसांपेक्षा या जुन्या घडीला जास्त जातं.

अलीकडे त्यात नवी कामं आली. २०१५ पासून ‘निर्मल वारी’ या उपक्रमात मुक्कामाच्या गावांत फिरती शौचालयं उभी केली जातात आणि स्वयंसेवक वारकऱ्यांना तिथपर्यंत नेतात. ऐकायला साधं वाटतं. पण पाच-दहा हजार वस्तीच्या गावात एका रात्री लाखभर माणूस उतरलं, तर दुसऱ्या दिवशी त्या गावाचं काय होतं, हे गावकऱ्यांनाच विचारा. पालखी पुढे जाते, घाण आणि रोगराई गावात राहते. वारीला जागा द्यायची की नाही, हा प्रश्न गावाला पडू नये यासाठी हे काम महत्त्वाचं आहे.

स्पेनमध्ये एका पाद्र्यानं काय केलं

स्पेनमधला सांतियागोचा मार्ग हा युरोपातला प्रसिद्ध यात्रामार्ग. विसाव्या शतकात तो जवळपास ओस पडला होता. १९८४ मध्ये एलियास वालिन्या नावाच्या खेड्यातल्या पाद्र्यानं रंगाचे डबे घेतले आणि वाटेवर पिवळे बाण रंगवत सुटला. माणसांना वाट सापडू लागली, तशी ती चालूही लागली. १९९३ मध्ये युनेस्कोनं स्पेनमधला हा मार्ग जागतिक वारसा यादीत घेतला. आज तिथे वर्षाला लाखो लोक चालतात.

अमेरिकेतली अ‍ॅपलाचियन ट्रेल सुमारे ३५०० किलोमीटरची. १९२१ मध्ये बेंटन मॅके यांनी एका लेखात तिची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. आजही वाटेवरची झाडं छाटणं, खुणा रंगवणं ही कामं प्रामुख्यानं स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक करतात. आणि १९६८ पासून तिला राष्ट्रीय कायद्याचं संरक्षण आहे.

आपल्याकडे उलटं आहे. चालणाऱ्यांची कमतरता कधीच नव्हती. कायद्याचं संरक्षण मात्र वाटेला नव्हे, रस्त्याला मिळालं.

महामार्ग आला, पण पायी माणसाचं काय?

८ नोव्हेंबर २०२१ रोजी आळंदी आणि देहूच्या पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्गाचं काम सुमारे २२१ किलोमीटरचं, तुकाराम महाराज पालखी मार्गाचं सुमारे १३० किलोमीटरचं. दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टा ठेवायचा, असं त्यात ठरलं. ही मागणी हवेतून आलेली नव्हती. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये पंढरपूरहून आळंदीला निघालेल्या दिंडीत दिवे घाटात खोदकामाचं यंत्र घुसलं. संत नामदेवांचे वंशज सोपान महाराज नामदास यांच्यासह दोघांचा त्यात जीव गेला.

रुंदीकरणाची दुसरी किंमत म्हणजे सावली. जुन्या रस्त्यांवरचे वड हे चालणाऱ्याचे खरे विसावे. ते तुटले की नवं रोप सावली देईपर्यंत एक पिढी जाते. २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे ४०० वर्षांचा वड रत्नागिरी–नागपूर महामार्गात जाणार होता. पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवला, प्रकरण मंत्र्यांपर्यंत गेलं आणि रस्त्याची आखणी बदलून झाड त्या वेळी वाचवलं गेलं. हाच महामार्ग पुढे तुळजापूर, औसा, लातूर, नांदेड असा जातो. इथल्या प्रत्येक झाडाच्या नशिबी तेवढी प्रसिद्धी नव्हती.

मराठवाड्यातल्या पालख्यांची अडचण आणखी वेगळी. शेगाव–पंढरपूर या नावानं ओळखला जाणारा महामार्ग लोणार, मंठा, परतूर, माजलगाव, केज, कळंब असा जातो. पालखी जाताना परभणी–परळी–अंबाजोगाई या वाटेनं जाते. नाव पालखीचं, पण तिचे बरेचसे मुक्काम त्या रस्त्यावर नाहीतच! तिकडे नागपूर–गोवा शक्तिपीठ महामार्गाचा प्रस्ताव आहे. तीर्थं जोडणारा रस्ता म्हणून तो मांडला गेला आणि जमिनी जाणार म्हणून नांदेड, लातूरसह अनेक जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. समृद्धीसारख्या द्रुतगती महामार्गावर पायी चालायला मुळात परवानगीच नसते. तीर्थं जोडली तरी वारकरी त्यात बसत नाही.

गावातली वाट अडवली तर?

मोठ्या पालख्यांना सरकार, पोलीस, टँकर मिळतात. २०२४ मध्ये राज्य सरकारनं नोंदणीकृत दिंड्यांना प्रत्येकी २०,००० रुपये जाहीर केले, वारीला जागतिक वारशाचं नामांकन मिळावं म्हणून युनेस्कोकडे प्रस्ताव पाठवण्याची घोषणाही झाली. पण दिंडी महामार्गाला लागण्याआधी ती गावातून निघते, शिवरस्त्यानं, पाणंदीनं. या वाटा बांध सरकवून, नांगर घालून हळूहळू गायब होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीसह या भागातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. गावठाण हललं, शेतं तिथेच राहिली. अशा ठिकाणी शेताकडे जाणाऱ्या जुन्या वाटेचं मोल जास्तच.

यावर कायदा आहे, आणि तो जुनाच आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. शेतात जायला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. अर्जासोबत सातबारा आणि जागेचा कच्चा नकाशा जोडायचा. तहसीलदार स्थळपाहणी करतो, शेजाऱ्यांचं म्हणणं ऐकतो आणि मग आदेश देतो. गाव नकाशात तुटक रेघांनी दाखवलेल्या वाटा कुठल्या, हे तलाठ्याकडे किंवा भूमी अभिलेख कार्यालयात बघता येतं.