धोतराच्या गाठीपासून मायक्रो-आरएनएपर्यंत : त्वचेच्या कर्करोगाच्या संशोधनाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
पाश्चात्त्य देशांत त्वचेच्या कर्करोगाचा विचार प्रामुख्याने गोऱ्या त्वचेवरील सूर्यकिरणांच्या परिणामाशी जोडला जातो. महाराष्ट्रात मात्र या रोगाच्या एका प्रकाराचे कारण नित्याच्या पोशाखात सापडले. प्रस्तुत लेखात तेथपासून मायक्रो-आरएनएपर्यंतच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

डॉ. खानोलकरांचे कार्य :
डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५-१९७८) हे १९४१ पासून मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. ज्या खानोली गावावरून हे आडनाव आले, ते वेंगुर्ला तालुक्यातील गाव १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यात समाविष्ट होते. १९४५ साली त्यांनी सूर्याबाई यांच्यासमवेत चालीरीतींशी निगडित अशा तीन कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक म्हणजे ‘धोतर-कर्करोग’ होय. धोतर वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट आवळल्याने घर्षण व घाम यांमुळे तेथील त्वचा निबर होते, तिचा रंग पालटतो, व्रण पडतो आणि क्वचित त्यातून कर्करोग उद्भवतो. पुढे परकराच्या नाडीखालीही असेच रुग्ण आढळले.

रेणूंच्या पातळीवरील शोध :
बाह्य कारण कळले, तरी पेशी बेबंद कशी होते हा प्रश्न उरलाच होता. १९९३ साली व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रुव्हकुन यांच्या सूत्रकृमीवरील संशोधनातून मायक्रो-आरएनएचा शोध लागला. त्याबद्दल त्यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सुमारे २२ न्यूक्लिओटाइडांचे हे रेणू संदेशवाहक आरएनएला चिकटून प्रथिननिर्मितीस आळा घालतात. त्वचेच्या शल्की पेशींच्या कर्करोगात ‘एमआयआर-२१’चे प्रमाण वाढलेले, तर पेशींच्या वाढीस आवर घालणाऱ्या ‘एमआयआर-२०३’चे प्रमाण घटलेले आढळते. घटलेला रेणू पुरविणे अथवा वाढलेला निष्प्रभ करणे, ही उपचाराची दिशा होय. तथापि ‘एमआयआर-३४’वर आधारित औषधाची २०१३ मध्ये सुरू झालेली मानवी चाचणी प्रतिकारसंस्थेशी निगडित गंभीर दुष्परिणामांमुळे २०१६ मध्ये थांबवावी लागली.

निष्कर्ष :
मायक्रो-आरएनए रोगाची यंत्रणा उलगडतो, तर खानोलकरांची दृष्टी रोगाचे मूळ दाखविते. नव्या ज्ञानाने जुने निरीक्षण कालबाह्य ठरत नाही. विशेष उपचारांसाठी ज्यांना मुंबई गाठावी लागते, अशा रत्नागिरीसारख्या जिल्ह्यातील रुग्णांच्या दृष्टीने नाडी सैल बांधणे, तिची जागा बदलणे आणि न भरणारा व्रण वेळीच दाखविणे, हेच उपाय आजही सर्वांत हाताशी आहेत.