बागेपासून वाड्यापर्यंत : केंटमधली नॅशनल ट्रस्टची वाटचाल

लंडनच्या पूर्वेला थेम्सच्या काठी डेटफर्ड आहे. आज ते लंडनच्या पोटात गेले असले तरी 1884 साली केंट परगण्यातच मोडत होते. सतराव्या शतकात रोजनिशीकार जॉन इव्हलिन याने तिथे ‘सेज कोर्ट’ ही बाग फुलवली होती. त्याच्या वंशजाला ती बाग लोकांच्या नावे करायची होती. गोरगरिबांच्या घरांसाठी झटणाऱ्या ऑक्टाव्हिया हिल यांच्याकडे तो गेला. देणारा तयार होता, घेणारीही तयार होती. पण जमीन कायमची सांभाळील आणि उद्या पैशाची नड आली तरी विकणार नाही, अशी संस्था इंग्लंडच्या कायद्यात कुठे बसतच नव्हती. ऑक्टाव्हियांनी ही अडचण सर रॉबर्ट हंटर या वकिलापुढे मांडली. गावांची सामाईक कुरणे जमीनदारांच्या घशातून वाचवण्यासाठी हंटर वर्षानुवर्षे कोर्टात लढत होते. सार्वजनिक हितासाठी जमीन धारण करणारी एक कंपनी काढावी, ही कल्पना त्यांनी त्याच वर्षी जाहीरपणे मांडली.

कल्पना प्रत्यक्षात यायला दहा वर्षे गेली. लेक डिस्ट्रिक्टमधले पाद्री हार्डविक रॉन्स्ली येऊन मिळाले आणि 12 जानेवारी 1895 रोजी नॅशनल ट्रस्टची नोंदणी झाली. पुढच्या वर्षी शेजारच्या ससेक्समधले आल्फ्रिस्टन येथील पाद्र्यांचे जुने घर अवघ्या 10 पौंडांना विकत घेतले गेले. ट्रस्टच्या मालकीची ती पहिली इमारत. तरी संस्थेचा खरा पाया 1907 च्या कायद्याने घातला असे मी मानतो. ट्रस्टने एखादी मालमत्ता ‘अहस्तांतरणीय’ म्हणून जाहीर केली की ती विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, आणि संसदेच्या खास संमतीखेरीज सरकारलाही ती ताब्यात घेता येत नाही. पुढच्या पिढीतल्या विश्वस्तांचा मोह आजच रोखून ठेवणारी अशी तरतूद फार थोड्या संस्थांनी स्वतःवर लादून घेतली असेल.

ऑक्टाव्हिया हिल केंटमध्येच राहायला आल्या. वेस्टरहॅमजवळच्या क्रॉकहॅम हिल गावी त्यांनी घर बांधले. लंडनच्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्या मजुरांना बसायला मोकळी टेकडी हवी, चालायला पायवाट हवी, डोळ्यांना हिरवे दिसले पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. जवळच्या टॉइज हिल आणि आइड हिल या टेकड्यांवरच्या जमिनी एकोणिसावे शतक संपायच्या आतच ट्रस्टकडे आल्या. तिथे किल्ला नाही, महाल नाही. एक उतार, जुनी झाडे आणि दक्षिणेला पसरलेले वील्डचे खोरे, एवढेच. संस्था कोणासाठी निघाली हे कळायला मात्र ती टेकडी पुरेशी आहे. 1912 साली ऑक्टाव्हिया गेल्या. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाचा मान देऊ केला गेला होता, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे क्रॉकहॅम हिलच्या चर्चच्या आवारातच त्यांना पुरण्यात आले.

मग टेकड्यांची ही संस्था सरदारांच्या वाड्यांत कशी शिरली? त्याला कारण झाला कर. ट्रस्टच्या स्थापनेच्या आदल्याच वर्षी, 1894 मध्ये, मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर नवा कर बसला. सुरुवातीला त्याचा वरचा दर 8 टक्के होता. 1919 साली तो 40 टक्क्यांवर गेला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर 80 टक्क्यांवर. दोन महायुद्धांत घराण्याचे दोन वारस लागोपाठ गेले की वाडा विकावा तरी लागे, नाहीतर पाडावा तरी. शेतीचे उत्पन्न घटले होते, नोकरचाकर मिळत नव्हते. शेकडो वाडे जमीनदोस्त झाले. 1937 च्या कायद्याने एक वाट काढली. मालकाने वाडा आणि त्याच्या देखभालीपुरता निधी ट्रस्टला द्यायचा, वाडा लोकांना पाहायला खुला ठेवायचा, आणि घराण्याने आपल्या भागात राहत राहायचे.

केंटमध्ये या वाटेने आलेला सर्वांत मोठा वाडा म्हणजे सेव्हनओक्सचा नोल. 1456 साली कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस बूर्शिए यांनी तो घेतला, पुढे आठव्या हेन्रीने तो आर्चबिशप क्रॅनमरकडून काढून घेतला, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी टॉमस सॅकव्हिलने त्याला आजचे रूप दिले. त्या बांधकामात सुतारांनी तुळयांवर आणि फरशीखाली दुष्ट शक्तींना अडवणाऱ्या खुणा कोरून ठेवल्या होत्या. अलीकडच्या दुरुस्तीत, 2014 साली, त्या उजेडात आल्या. 1946 मध्ये नोल ट्रस्टकडे आला. हरणांच्या उद्यानाचा मोठा भाग घराण्याकडेच राहिला आणि वाड्याच्या एका बाजूला सॅकव्हिल मंडळी आजही राहतात.

या व्यवहारात एका बाईच्या मनाची झालेली ओढाताण मला विसरता येत नाही. लेखिका व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट नोलमध्ये जन्मल्या, वाढल्या. त्या आईवडिलांचे एकुलते अपत्य होत्या, पण मुलगी होत्या. 1928 साली वडील वारले तेव्हा वाडा काकांकडे गेला. दोनच वर्षांनी व्हिटा आणि त्यांचे पती हॅरल्ड निकल्सन यांनी सिसिंगहर्स्ट येथली पडझड झालेली गढी विकत घेतली. अठराव्या शतकातल्या सात वर्षांच्या युद्धात तिथे फ्रेंच कैदी कोंडले होते, नंतर ती गावातल्या निराधारांचे आश्रयस्थान झाली होती. उरला होता तो एक उंच मनोरा, विटांच्या भिंती आणि ढीगभर केरकचरा. हॅरल्डनी वाटा आणि कुंपणे आखली, व्हिटांनी झाडे लावली. 1938 मध्ये एक शिलिंग प्रवेशमूल्य ठेवून बाग लोकांसाठी उघडली. हरवलेल्या घराच्या बदल्यात एक बाग, असा तो हिशेब होता. ट्रस्टच्या बागांविषयक समितीवर व्हिटा काम करत, नोलची माहितीपुस्तिकाही त्यांनीच लिहिली. पण सिसिंगहर्स्ट ट्रस्टला देण्याचा विषय निघाला की त्या साफ नकार देत. ज्यांच्या हातून एकदा घर निसटले आहे त्यांना दुसरे हातावेगळे करवत नाही, हे मला पूर्ण पटते. 1962 मध्ये त्या गेल्या. कर भरण्याचा प्रश्न उभा राहिला आणि मुलगा नायजेल याने 1967 साली बाग ट्रस्टकडे सोपवली. पामेला श्वर्ट आणि सिबिली क्रॉइट्सबर्गर या दोघी मुख्य माळिणी 1959 पासून तिथे होत्या. मालक बदलले, पण त्या तशाच पुढे 1990 पर्यंत राहिल्या. सिसिंगहर्स्टचे आजचे रूप जितके व्हिटांचे, तितकेच या दोघींचेही आहे.

इतर वास्तू वेगवेगळ्या वाटांनी आल्या. स्मॉलहाइथ येथले अभिनेत्री एलन टेरी यांचे लाकडी घर त्यांच्या मुलीने 1939 साली दिले. चर्चिल यांना आपल्या चार्टवेल या घराचा खर्च झेपेना, तेव्हा 1946 मध्ये त्यांच्या श्रीमंत मित्रांनी ते विकत घेऊन ट्रस्टला दिले. चर्चिल हयातभर तिथे राहिले आणि 1966 मध्ये ते घर लोकांना खुले झाले. खंदकातल्या जुन्या गढीचे अवशेष आणि वर टेकाडावर नवे घर असलेला स्कॉटनीचा परिसर 1970 साली ख्रिस्टोफर हसी यांच्या मृत्युपत्राने मिळाला.

इटम मोटची कथा सर्वांत निराळी. चौदाव्या शतकातला, चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला हा वाडा चार्ल्स हेन्री रॉबिन्सन या अमेरिकन गृहस्थाने 1953 साली विकत घेतला. तरुणपणी त्याने तो पाहिला होता आणि तो त्याच्या मनात घर करून राहिला होता. 1985 मध्ये त्याच्या पश्चात वाडा ट्रस्टकडे आला. आत लाकडे कुजली होती, किड्यांनी पोखरली होती. 1989 ते 2004 अशी पंधरा वर्षे आणि सुमारे 1 कोटी पौंड खर्चून तो भागाभागाने उकलला गेला. प्रत्येक तुकड्याची नोंद झाली, शक्य तेवढे जुने लाकूड राखले आणि जिथे नाइलाज होता तिथेच नवे घातले. या कामात जुनी सुतारकी आणि गिलाव्याची कला नव्या हातांना शिकायला मिळाली. प्रार्थनागृहाच्या लाकडी छतावर ट्यूडर काळातली रंगवलेली नक्षी आहे, तिच्यात आठव्या हेन्रीच्या पहिल्या राणीचे चिन्ह असलेले डाळिंबही दिसते. केंटमध्ये एकच वास्तू पाहायला वेळ असेल तर मी इटम मोटच पाहायला सांगेन.

मधल्या काळात निसर्गानेही परीक्षा घेतली. ऑक्टोबर 1987 च्या एका रात्रीच्या वादळात टॉइज हिलवरची बहुतेक झाडे आडवी झाली. सेव्हनओक्स गावाच्या नावातल्या सातांपैकी सहा ओक पडले. तरी ट्रस्टचा पसारा वाढतच राहिला. 2012 मध्ये ट्रस्टने लोकवर्गणीतून 12 लाख पौंड उभारून डोव्हरच्या पांढऱ्या कड्यांचा आणखी एक पट्टा घेतला. 1981 साली सभासदसंख्या दहा लाखांवर गेली होती, आता ती पन्नास लाखांपलीकडे आहे.

सप्टेंबर 2020 मध्ये संस्थेने आपल्या वास्तूंचे गुलामगिरीशी आणि वसाहतींशी असलेले संबंध सांगणारा अहवाल काढला. त्यात 93 ठिकाणे होती, चार्टवेल त्यातले एक. बंगालच्या 1943 च्या दुष्काळात चर्चिल पंतप्रधान होते, हे त्यात नमूद झाले. काही सभासद आणि खासदार संतापले. धर्मादाय संस्थांच्या नियामकाकडे तक्रारी गेल्या. 2021 मध्ये ट्रस्टने कोणताही नियमभंग केला नसल्याचा निर्वाळा मिळाला. अहवाल काढणे योग्यच होते. घराची तुळई तपासायची आणि त्या घरात पैसा कुठून आला हे विचारायचे नाही, याला जतन म्हणता येत नाही. मराठी माणसाला तर हे केंटमध्ये आणखी एका ठिकाणी जाणवते. समुद्रकाठचा वॉमर किल्ला ट्रस्टचा नाही, तो इंग्लिश हेरिटेज ही दुसरी संस्था सांभाळते. तिथे ड्यूक ऑफ वेलिंग्टनची खोली आहे. 14 सप्टेंबर 1852 रोजी तो तिथेच वारला. हाच तो आर्थर वेलस्ली, ज्याने 23 सप्टेंबर 1803 रोजी आपल्या असईच्या रणावर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला.

केंटला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ट्रस्टचे सभासदत्व घेतले तरी डोव्हर आणि वॉमरच्या किल्ल्यांना ते चालत नाही, इंग्लिश हेरिटेजचे वेगळे घ्यावे लागते. गावोगावची चर्च या दोन्हींच्या बाहेर आहेत. कँटरबरीचे सेंट मार्टिन्स हे सहाव्या शतकात केंटची राणी बर्था हिच्या प्रार्थनेचे ठिकाण होते आणि आजही तिथे उपासना चालते. ट्यूडली या लहानशा गावातल्या चर्चच्या बाराही खिडक्यांची रंगीत काच चित्रकार मार्क शगाल यांची आहे. बुडून मरण पावलेल्या एका तरुण मुलीच्या स्मृतीसाठी ते काम सुरू झाले होते. अशा बहुतेक चर्चना प्रवेशमूल्य नसते. त्यांच्या छपरांची, घंटांची आणि भिंतींची डागडुजी मुख्यत्वे गावातल्या मूठभर भाविकांच्या वर्गणीवर चालते. आत गेलात तर दाराजवळच्या पेटीत दोन पौंड जरूर टाका.