दोन हात रुंद भिंत आणि 1993

पाऊस यायच्या आत घराचं काम उरकायची घाई सगळीकडंच असते. परवा गल्लीतल्या एका काकांनी बेत सांगितला : माळवद उतरवायचं, भिंती तशाच ठेवून वर स्लॅब टाकायचा. म्हणाले, "दोन हात रुंद भिंत हाय, तिला काय होतंय?"

म्हणून हे लिहितोय.

चाकूरकडची जुनी घरं तशी का होती? ऊन कडक, दगड आणि पांढरी माती हाताशी. जाड भिंती, लाकडी खांब-तुळया, वर मातीचं माळवद. आत गारवा. गळू नये म्हणून मृगाआधी वर नवी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरचं ओझं वाढत गेलं.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव झोपलेलं. मी शाळकरी पोरगा, वडिलांनी ओढत अंगणात आणलं. तिकडं किल्लारी, सास्तूर भागात सुमारे दहा हजार माणसं गेली. तोवर सरकारी नकाशात आपला भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याचा होता!

नंतर कळलं, ती रुंद भिंत एक नसतेच. आतली एक, बाहेरची एक, मध्ये माती आणि कपच्या. दोन्हींना बांधणारा आरपार दगड नाही. हादरा बसला की फुगून ढासळते. कित्येक ठिकाणी भिंती पडल्या, लाकडी सांगाडा उभाच राहिला.

जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसन झालं. 52 गावं हलवली. बाकीच्या गावांत जुनी घरं मजबूत करायची होती : आरपार दगड बसवा, माळवदावरची माती कमी करा, खांब-तुळईला तिरके टेके द्या. पण भीतीच एवढी, की बऱ्याच जणांनी शेजारी नवी खोली बांधली. आमची आजी मरेपर्यंत पत्र्याखालीच झोपली. जुनी भिंत तशीच राहिली.

आता मुद्दा. माळवदाचं वजन मुख्यतः खांबांवर होतं, भिंत आडोशाला. खांब काढून स्लॅब टाकला, की जे ओझं तिनं कधी उचललं नाही ते तिच्यावर येतं. खाली काळी माती असली तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरुमापर्यंत गेलाय का, हे खड्डा घेऊन बघावं लागतं.

काकांना म्हटलं, "रंग, फरशी नंतर बघा. आधी इंजिनिअरला भिंत दाखवा."

"बघू," म्हणाले. किल्लारीनंतर आपण सगळेच "बघू" म्हणत आलोय.