जुने जपानी रोल-प्लेइंग गेम : पहिला कोणता खेळावा? (धागा)

१/ २७ मे १९८६ रोजी जपानमध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाचा एक व्हिडिओ गेम विक्रीस आला. खेळ सुरू होताच खेळाडू एका राजासमोर उभा असतो. दालनाचे दार बंद असते आणि आत काही पेट्या ठेवलेल्या असतात. पेटीतली किल्ली घेऊन ती दाराला लावल्याशिवाय तिथून बाहेर पडता येत नाही. जग वाचवायला निघालेल्या वीराला पहिल्याच क्षणी असे कोंडून का ठेवले असावे?

२/ याच्या उत्तरात नेहमी विचारल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर दडले आहे. "जुने जपानी रोल-प्लेइंग गेम, म्हणजेच जेआरपीजी, खेळायचे आहेत, सुरुवात कुठून करावी?" यावर बहुधा दहा नावांची यादी मिळते. या धाग्यात आपण इतिहासाच्या वाटेने उत्तराकडे जाणार आहोत. नवख्या माणसाने आत कसे यावे, या विचारातूनच हा खेळप्रकार घडला आहे.

३/ त्याचे मूळ अमेरिकेत आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' प्रकाशित झाला. कागद, पेन्सिल, फासे आणि कल्पनाशक्ती एवढ्याच भांडवलावर तो खेळला जाई. १९८१ साली त्याच परंपरेतले दोन खेळ संगणकावर आले : 'अल्टिमा' आणि 'विझर्ड्री'. पहिल्यात वरून दिसणारा विस्तीर्ण प्रदेश होता, तर दुसऱ्यात डोळ्यांसमोर उलगडणारा अंधारा चक्रव्यूह.

४/ दोन्ही खेळ विलक्षण होते, पण कठोरही होते. कळफलकावरच्या अनेक आज्ञा लक्षात ठेवाव्या लागत. चक्रव्यूहात हरवू नये म्हणून आलेखाच्या कागदावर स्वतःच नकाशा काढावा लागे. महागडा संगणक, भरपूर मोकळा वेळ आणि इंग्रजीचे ज्ञान ही तिन्ही साधने ज्याच्यापाशी असत, त्यालाच या जगात प्रवेश मिळे.

५/ १९८३ साली सॅन फ्रान्सिस्को येथे ॲपल संगणकांचे प्रदर्शन भरले होते. एनिक्स या जपानी कंपनीच्या प्रोग्रामिंग स्पर्धेत चमकलेले दोघे तिथे गेले होते : युजी होरी आणि त्यांच्याहून वयाने बरेच लहान असलेले कोइची नाकामुरा. तिथे त्यांनी 'विझर्ड्री' पाहिला आणि त्याने दोघांना भारून टाकले. असे काही आपल्या देशातल्या मुलांसाठी करावे, ही कल्पना पुढे त्यांच्या मनात मूळ धरू लागली.

६/ अडचण मात्र मोठी होती. त्याच वर्षी निन्टेन्डोचे 'फॅमिकॉम' हे यंत्र जपानी घरांत येऊ लागले होते. त्याला कळफलक नव्हता. हातात एक छोटा कंट्रोलर, त्यावर दिशेची फुली आणि दोन मुख्य बटणे. उड्या मारणे आणि गोळ्या झाडणे यांत ही मुले तरबेज होती. वाचून, विचार करून, टप्प्याटप्प्याने पुढे जाण्याचा खेळ त्यांच्या ओळखीचा नव्हता.

७/ होरी हे मूळचे लेखक. 'शोनेन जंप' या मुलांच्या लोकप्रिय साप्ताहिकात ते लिहीत. वाचक कुठे कंटाळतो याची जाण त्यांना व्यवसायानेच दिली होती. त्यांचा 'पोर्टोपिया' हा रहस्यप्रधान खेळ संगणकावर शब्द टंकित करून खेळावा लागे. १९८५ मध्ये तो फॅमिकॉमवर आला, तेव्हा शब्दांच्या जागी आज्ञांची तयार यादी आली. खेळाडूने फक्त निवड करायची. हीच यादी पुढे 'ड्रॅगन क्वेस्ट'मध्ये गेली.

८/ आता त्या बंद दालनाकडे परत येऊ. पेटी उघडणे, वस्तू घेणे, दार उघडणे, जिना उतरणे, माणसांशी बोलणे : खेळात सतत लागणाऱ्या या आज्ञा खेळाडूकडून पहिल्या दोन मिनिटांतच करवून घेतल्या जातात. ते दालन म्हणजे या खेळप्रकाराची बालवाडी होती. होरींनी 'अल्टिमा'कडून प्रदेश घेतला, 'विझर्ड्री'कडून लढाई घेतली आणि दोन्हींतली गुंतागुंत कमी केली. वीर एकच आणि लढताना शत्रूही एकच.

९/ किल्ल्याबाहेर पाऊल टाकताच पाण्यापलीकडे खलनायकाचा गड दिसतो. कुठे जायचे ते पहिल्या क्षणापासून ठाऊक असते. पोहोचायला मात्र सारा प्रदेश पालथा घालावा लागतो. वाटेत वीर पडला, तर तो पुन्हा राजासमोर उभा राहतो. अर्धे सोने जाते, पण कमावलेला अनुभव कायम राहतो.

१०/ या नियमाचे महत्त्व मोठे आहे. उड्या मारण्याच्या खेळात ज्याची बोटे मंद, तो कायम हरतो. इथे हरलेल्याच्याही पदरी काहीतरी पडते. चिकाटी असेल, तर कुणीही शेवटापर्यंत पोहोचू शकतो. अकिरा तोरियामा यांनी रेखाटलेला हसरा 'स्लाइम' हा पहिला शत्रूही भीतीपेक्षा आपुलकीच वाटावी असा. नवख्याला घालवून देणारे काहीही दाराशी नको, असाच हा विचार होता.

११/ हे सारे फक्त ६४ किलोबाइटमध्ये बसवले होते. जागा वाचवण्यासाठी जपानी काताकाना लिपीतली मोजकीच अक्षरे वापरली गेली. खेळ साठवण्याची सोय नव्हती. त्याऐवजी २० अक्षरांचा एक 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' मिळे. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. एक अक्षर चुकले, तर आदल्या दिवशीचे सारे श्रम वाया जात.

१२/ तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ रोजी आला. बुधवार होता. दुकानांसमोर रांगा लागल्या आणि अनेक मुलांनी शाळा बुडवली. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. "यानंतर कामाच्या दिवशी ड्रॅगन क्वेस्ट विकण्यास बंदी करणारा कायदा जपानने केला" असे आजही सांगितले जाते. असा कायदा कधीच झाला नाही. पुढचे भाग सुटीच्या दिवशी आणण्याची प्रथा प्रकाशकाने स्वतःच पाडली. दंतकथा आणि नोंद यांतला फरक इथेही जपायला हवा.

१३/ घातलेल्या पायवाटेवर लवकरच इतरही आले. १८ डिसेंबर १९८७ रोजी स्क्वेअर कंपनीचा 'फायनल फँटसी' आला. हिरोनोबू साकागुची यांनी त्यात चौघांची तुकडी दिली. दोनच दिवसांनी सेगाचा 'फँटसी स्टार' आला. त्याची नायिका ॲलिस ही तरुणी आणि कथा ग्रहांमधल्या प्रवासाची. १९८९ मध्ये लेखक शिगेसातो इतोई यांच्या 'मदर'ने तलवारीऐवजी मुलाच्या हाती बेसबॉलची बॅट दिली.

१४/ १९९० मध्ये सुपर फॅमिकॉम आले आणि कथेला जागा मिळाली. 'फायनल फँटसी ४' (१९९१) मध्ये लढाईतला काळ वाहता झाला : तुम्ही विचार करत बसलात, तरी शत्रू थांबत नाही. 'फायनल फँटसी ६' (१९९४) मध्ये एकच एक नायक उरला नाही. चौदा पात्रांचा मेळाच उभा राहिला. बंद दालनात आज्ञा शिकलेली पिढी आता मोठी झाली होती.

१५/ नवख्यांसाठी एक इशारा : क्रमांकांवर विसंबू नका. अमेरिकेत मधले काही भाग आलेच नाहीत. त्यामुळे जपानमधला चौथा 'फायनल फँटसी' तिथे दुसरा ठरला आणि सहावा तिथे तिसरा. 'ड्रॅगन क्वेस्ट'चे तर नावच बदलून 'ड्रॅगन वॉरियर' झाले, कारण मिळतेजुळते नाव आधीच घेतलेले होते. जुने लेख वाचताना लेखक कुठला क्रमांक मोजतो आहे, हे आधी तपासा.

१६/ ११ मार्च १९९५ रोजी 'क्रोनो ट्रिगर' आला. त्यामागे तीन मोठी नावे होती : 'फायनल फँटसी'चे साकागुची, 'ड्रॅगन क्वेस्ट'चे होरी आणि चित्रकार तोरियामा. दोन प्रतिस्पर्धी परंपरांचे शिलेदार एका खेळासाठी एकत्र आले. यासुनोरी मित्सुदा या तरुण संगीतकाराने त्याचे बहुतांश संगीत रचले. तो आजारी पडल्यावर नोबुओ उएमात्सू यांनी हातभार लावला.

१७/ इतिहासाची आवड असलेल्यांना हा खेळ विशेष भावेल, कारण तो कालप्रवासाचा आहे. त्या जगातल्या इ. स. ६०० मध्ये एका बाईला तुम्ही वाळवलेले मांस पैसे न घेता दिले, तर चारशे वर्षांनी तिच्या गावचा प्रमुख उदार निघतो. आरंभीच्या जत्रेत तुम्ही सहज केलेल्या बारीकसारीक गोष्टींचे साक्षीदार पुढे एका खटल्यात उभे राहतात. कारण आणि परिणाम यांतले लांबचे नाते पुस्तकात वाचतो, ते इथे हाताने घडवता येते.

१८/ यानंतर ३१ जानेवारी १९९७ रोजी 'फायनल फँटसी ७' आला. त्याचा पसारा निन्टेन्डोच्या कार्ट्रिजमध्ये मावणारा नव्हता. म्हणून स्क्वेअर सोनीच्या प्लेस्टेशनकडे वळली आणि खेळ तीन सीडींवर आला. जपानबाहेर ज्यांनी तोवर जेआरपीजीचे नावही ऐकले नव्हते, त्यांच्यापैकी असंख्य जणांचा हा पहिला खेळ ठरला.

१९/ आता मूळ प्रश्न. "इतिहास आहे, तर पहिल्या पानापासून वाचा" हे उत्तर प्रामाणिक वाटते. पण १९८६चा मूळ 'ड्रॅगन क्वेस्ट' आज सुरू केलात, तर समोरच्या माणसाशी बोलण्यासाठीही आधी दिशा निवडावी लागते. एकेका पातळीसाठी त्याच मैदानात तासन्‌तास लढावे लागते. जो दरवाजा त्या काळच्या मुलासाठी मुद्दाम रुंद केला होता, तोच आज अरुंद झाला आहे. तेथे सुरुवात करणारे अनेक जण कंटाळतात आणि "हा प्रकार आपला नव्हे" असा चुकीचा निष्कर्ष काढून कायमचे परततात.

२०/ "सर्वांत गाजलेला आधी" हे दुसरे उत्तर. 'फायनल फँटसी ७' थोर आहे, पण तो लांब आहे, आणि त्याने मोडलेल्या प्रथा ठाऊक नसतील तर त्याचे धाडस पुरते जाणवत नाही. माझे उत्तर : पहिला खेळ 'क्रोनो ट्रिगर'. साधारण वीस-पंचवीस तासांत तो संपतो. बरेचसे शत्रू आधीच दिसतात. अदृश्य शत्रू पावलोपावली अडवत नाहीत. लढाई आहे त्याच जागी होते. आज तो संगणकावर आणि मोबाइलवरही विकत मिळतो.

२१/ यावर एक रास्त आक्षेप आहे : कळस आधी पाहिला, तर पाया फिका वाटणार नाही का? थोडा वाटेल. पण इतिहासकारही ज्ञाताकडून अज्ञाताकडेच जातो. समोर उभी वास्तू पाहून तिचा पाया खणतो. 'क्रोनो ट्रिगर' संपवल्यावर ही आज्ञांची यादी, हा अनुभव, ही लढाई आली कुठून, हा प्रश्न तुम्हाला पडेल. तो पडल्यावर 'ड्रॅगन क्वेस्ट' उघडा. त्याचा संथपणा तोच राहील, पण आता तो तुमच्या प्रश्नाचे उत्तर देत असेल.

२२/ अपवादही सांगतो. ज्यांना कादंबरीसारखी अनेकपदरी कथा हवी, त्यांनी 'फायनल फँटसी ६' घ्यावा. ज्यांना विनोद आणि हळवेपणा एकत्र हवा, त्यांनी 'मदर २', म्हणजेच 'अर्थबाउंड'. आणि ज्यांनी लहानपणी 'पोकेमॉन' खेळला आहे, त्यांना हे वाचून नवल वाटेल : फेब्रुवारी १९९६ मध्ये जन्मलेली ती मालिकाही जेआरपीजीच. तुमचा पहिला खेळ केव्हाच खेळून झाला आहे!

२३/ आपल्याकडे अनेक घरांत टीव्हीला जोडायचा जो 'व्हिडिओ गेम' होता, तो बहुधा फॅमिकॉमचीच नक्कल असे. त्याच्या कार्ट्रिजमध्ये मारिओ होता, कॉन्ट्रा होता. संवादांनी भरलेले हे जपानी खेळ मात्र क्वचितच. यंत्र आपल्या घरात होते, त्यावरच्या या कथा पोहोचल्या नाहीत. म्हणून आपल्यापैकी बहुतेकांसाठी ही ओळख उशिराची आहे, आणि म्हणूनच ती नीट व्हावी असे वाटते.

२४/ शेवटी एकच विनंती. पहिला खेळ खेळताना इंटरनेटवरची उत्तरे बाजूला ठेवा आणि जवळ एक वही ठेवा. कोण काय म्हणाले, कुठले दार बंद होते, ते टिपून ठेवा. चाळीस वर्षांपूर्वी जपानी मुले मंत्र उतरवून घेत, तशी. कुठे अडलात तर घाबरू नका. त्या बंद दालनाची किल्ली दालनातच होती.

तुमचा पहिला जेआरपीजी कोणता, ते प्रतिसादात जरूर लिहा. (धागा समाप्त)