गुडघापट्टा : निवड आणि वापर

दुखापत झालेल्या किंवा झिजलेल्या गुडघ्याला बाहेरून आधार देण्यासाठी, त्याची नको ती हालचाल रोखण्यासाठी अथवा त्याच्या एका बाजूवरचा भार हलका करण्यासाठी मांडी आणि पोटरी यांच्या दरम्यान बांधल्या जाणाऱ्या साधनाला गुडघापट्टा म्हणतात. औषधांच्या दुकानात ते नी कॅप, नी ब्रेस किंवा नुसते ‘बेल्ट’ म्हणून मागितले जाते, आणि या नावांखाली एकमेकींपासून अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जात असल्यामुळे निवडीतला पहिला घोटाळा नावापासूनच सुरू होतो. वाशीम जिल्ह्याच्या वऱ्हाडी बोलीत गुडघ्याला टोंगळा म्हणतात. ‘टोंगळे दुखतात’, ‘गादी घासली’, ‘टोंगळ्यात गॅप पडला’ अशा शब्दांत रुग्ण आपले दुखणे सांगतो. या तक्रारी वरवर एकसारख्या वाटल्या तरी त्यांमागची कारणे निरनिराळी असतात आणि त्या सर्वांना एकच पट्टा लागू पडत नाही.

गुडघा हा मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि समोरची वाटी यांचा सांधा असून हाडांची टोके कूर्चा नावाच्या गुळगुळीत आवरणाने झाकलेली असतात, दोन हाडांच्या मध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात आणि हाडांना हाडांशी बांधून ठेवणारे चार मुख्य अस्थिबंध असतात : दोन कडांना आणि दोन आत, फुलीसारखे एकमेकांना छेदणारे. चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास भार येतो, जिना उतरताना तो तीन पटींच्या वर जातो, आणि या भाराचा मोठा वाटा गुडघ्याच्या आतल्या बाजूने वाहून नेला जातो. म्हणूनच कूर्चेची झीज, म्हणजे अस्थिसंधिवात, बहुधा आतल्या बाजूस आधी सुरू होते आणि पाय हळूहळू धनुष्यासारखे बाहेर वाकतात.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या आणि वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या सहा तालुक्यांच्या वाशीम जिल्ह्यात शेती हाच मुख्य व्यवसाय आहे, आणि सोयाबीन, तूर व कापूस या पिकांची बरीचशी कामे माणसाच्या गुडघ्यावर उभी आहेत. निंदणाला बाया तासन्‌तास उकिडव्या बसून पुढे सरकतात, सोंगणीच्या दिवसांत विळा घेऊन कमरेत व गुडघ्यात वाकून ओळीमागून ओळ कापली जाते, कापूस वेचताना ओटीतले ओझे वाढत जाते. त्यातच घरी चूल, जेवण आणि शौचालय ही सारी कामे जमिनीलगतची असल्यामुळे गुडघा पूर्ण मिटण्याची वेळ दिवसातून अनेकदा येते. याखेरीज शेगावहून पंढरपूरकडे जाणारी गजानन महाराजांची पालखी पातूर ओलांडल्यावर मेडशी, मालेगाव, शिरपूर आणि रिसोड असा जिल्ह्यातून प्रवास करते व तिच्यासोबत उतारवयातील अनेक वारकरी चालतात. ग्रामीण महाराष्ट्रातील सांधेदुखीची मोजदाद पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये सुरू झालेल्या पाहणीत पद्धतशीरपणे झाली. तिच्यात सुमारे १८ टक्के प्रौढांत सांधे व स्नायूंची दुखणी आढळली आणि त्यांत गुडघेदुखीचे प्रमाण ठळक होते. हे दुखणे म्हातारपणाचा अटळ भाग मानून सोसण्याची रीत जुनी असली तरी ती योग्य नाही.

पट्ट्यांचे प्रकार त्यांच्या कामावरून ओळखावेत. सर्वांत साधा प्रकार लवचीक कापडाच्या किंवा निओप्रीन या रबरी पदार्थाच्या नळीचा असतो, आणि बाजारात नी कॅप म्हणून मुख्यतः हाच मिळतो. तो हाडांना जागेवर धरून ठेवत नाही. त्याची ऊब, हलका दाब आणि त्वचेला होणारा स्पर्श यांमुळे सांध्याची स्थिती मेंदूला अधिक नीट कळते, चालताना भरवसा वाटतो व सौम्य दुखणे कमी जाणवते. वाटीच्या जागी गोल छिद्र आणि त्याभोवती मऊ कडे असलेली नळी वाटीला बाजूला सरकू देत नाही, म्हणून जिना चढता-उतरताना किंवा उठताना वाटीच्या मागे दुखत असेल तर ती अधिक उपयोगी पडते. अशा वाटीच्या झिजेवर इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १२६ रुग्णांवर सहा आठवडे झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पट्टा वापरणाऱ्यांच्या वेदना तर कमी झाल्याच, पण वाटीच्या हाडातील सूजही उतरलेली दिसली.

बिजागरीचा पट्टा हा दुसरा प्रकार. त्याच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या आणि सांध्याच्या पातळीवर बिजागरी असते, त्यामुळे गुडघा पुढे-मागे मिटतो व उघडतो, परंतु आडवा लचकत नाही. कबड्डीत पकड होताना किंवा चिखलात पाय रुतून अंग वळताना कडेचा अस्थिबंध ताणला वा फाटला असेल, तर तो सांधेपर्यंत काही आठवडे हाच पट्टा कामाचा असतो. आतला, एसीएल म्हणून ओळखला जाणारा अस्थिबंध तुटला असेल तर मात्र पट्टा त्याची जागा घेऊ शकत नाही. तो गुडघा ‘निसटण्याची’ भीती कमी करतो एवढेच, आणि कबड्डीच्या मैदानावर परत उतरण्याचा परवाना म्हणून त्याच्याकडे पाहणे धोक्याचे ठरते. अशा पट्ट्यांना प्रसिद्धी मिळाली ती १९६० च्या दशकानंतर, न्यूयॉर्कच्या लेनॉक्स हिल रुग्णालयात जो नेमथ या अमेरिकी फुटबॉलपटूसाठी तयार झालेल्या पट्ट्यामुळे.

तिसरा प्रकार भार सरकवणारा पट्टा. वाकलेली काठी सरळ करताना माणूस तिचा मधला भाग गुडघ्यावर टेकवून दोन्ही टोके आपल्याकडे ओढतो, तेच तत्त्व येथे वापरलेले असते : पट्टा गुडघ्याला बाहेरून आत ढकलतो आणि मांडी व नडगी यांना आतल्या अंगाने विरुद्ध दिशेस रेटतो, त्यामुळे झिजलेल्या आतल्या बाजूवरचा भार थोडा बाहेरच्या निरोगी बाजूकडे जातो. पाय बाहेर वाकलेले, पण बाहेरची बाजू शाबूत आहे अशाच रुग्णाला त्याचा फायदा होतो. दोन्ही बाजू झिजल्या असतील किंवा मांडी इतकी मऊ व जाड असेल की पट्टा पकडच घेत नाही, तर हा महाग पट्टा पेटीत पडून राहतो. तो दुकानातून उचलून आणण्याची वस्तू नव्हे. अस्थिरोगतज्ज्ञाने उभ्याने काढलेला एक्स-रे पाहून सुचवावा आणि जाणकाराने मापून बसवावा.

चौथा प्रकार म्हणजे मांडीच्या वरपासून घोट्याच्या जवळपर्यंत येणारा, पाय सरळ जखडून ठेवणारा लांब पट्टा. अस्थिभंग, निखळलेली वाटी किंवा शस्त्रक्रिया यांनंतर ठरावीक काळ तो लागतो. ‘मोठा पट्टा म्हणजे मोठा आधार’ अशा समजुतीने झिजेचे रुग्ण तो विकत घेतात आणि महिनोन्‌महिने बांधतात. परिणामी मांडीचा स्नायू रोडावतो, गुडघा आखडतो आणि दुखणे पूर्वीपेक्षा वाढते. झिजलेल्या गुडघ्यासाठी इतका वाईट सल्ला दुसरा नसेल. चुंबक बसवलेले किंवा तांब्याचे धागे विणलेले पट्टे यात्रा-बाजारांत मिळतात, परंतु चुंबकाने वा तांब्याने गुडघा सुधारतो याला समाधानकारक पुरावा नाही; त्यांतून मिळतो तो साध्या नळीचाच आधार.

पट्ट्याच्या उपयुक्ततेविषयी तज्ज्ञसंस्थांत एकमत नाही, आणि हे रुग्णाला ठाऊक असावे. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत, चालण्यावर किंवा सांध्याच्या स्थैर्यावर परिणाम करणाऱ्या झिजेसाठी गुडघापट्ट्याची ठाम शिफारस केली आहे. उलट ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये सरसकट पट्टे देऊ नयेत, गुडघा अस्थिर असेल किंवा त्यावर भार चुकीचा पडत असेल, पट्ट्यावाचून व्यायाम साधत नसेल आणि पट्ट्याने हालचाल सुधारण्याची शक्यता असेल तरच द्यावेत, असे म्हटले. वरवर विरोधी वाटणाऱ्या या दोन मतांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे व्यायामाचे स्थान पट्ट्याच्या आधी येते. पट्ट्याने कूर्चा पुन्हा वाढत नाही. गुडघ्याचा खरा पट्टा मांडीच्या पुढचा स्नायू होय, आणि बाहेरचा पट्टा त्या स्नायूला पुन्हा काम करता यावे एवढ्यासाठी असतो.

खरेदीत सर्वाधिक चूक मापात होते. वय, वजन किंवा पॅन्टच्या मापावरून ‘लार्ज’ मागणे निरुपयोगी आहे, कारण काही कंपन्या वाटीच्या मध्यावरचा घेर धरतात, काही वाटीच्या वर मांडीवरचा, आणि दोहोंचे तक्ते जुळत नाहीत. म्हणून शिंप्याची फीत घेऊन, उभे राहून आणि गुडघा किंचित वाकवून तीन घेर मोजून कागदावर लिहावेत : वाटीच्या मध्यावर, तिच्या १५ सेंटिमीटर वर आणि १५ सेंटिमीटर खाली. फीत त्वचेला टेकलेली असावी, रुतलेली नसावी. दिवसभर रानात राहिल्यावर संध्याकाळी गुडघा सुजत असेल तर माप त्याच वेळचे घ्यावे. दोन्ही पायांचे माप वेगळे असू शकते, त्यामुळे चांगल्या पायावरून दुखऱ्या पायाचा पट्टा घेऊ नये. नातवाने शहरातून पाठवलेला किंवा शेजाऱ्याने वापरून ठेवलेला पट्टा आपुलकीचा असला तरी मापाचा असेलच असे नाही. पट्टा दुकानातच घालून, दहा-वीस पावले चालून, खुर्चीवर बसून व उठून पाहावा; तो पोटरीकडे घसरत असेल किंवा गुडघ्यामागे त्याची घडी रुतत असेल तर तो परत करावा.

बांधण्याचीही पद्धत आहे. वाटीचे छिद्र बरोबर वाटीवर आणि बिजागरीचा मध्य सांध्याच्या पातळीवर आला पाहिजे, नाहीतर गुडघा एका जागी वाकतो, बिजागरी दुसऱ्याच जागी आणि पट्टा प्रत्येक पावलाला खाली ओढला जातो. बहुतेक बिजागरी पट्ट्यांत गुडघ्याच्या लगत खालचा बंद आधी लावतात, म्हणजे पट्टा पोटरीच्या फुगवट्यावर टेकून राहतो, आणि मग वरचे बंद लावतात. बंदाखाली दोन बोटे सहज जावीत इतकाच तो घट्ट ठेवावा. पट्टा साडीच्या किंवा पायजम्याच्या आत, शक्यतो सुती मोज्यासारख्या पातळ आवरणावर घालावा; कापडावरून बांधलेला पट्टा फिरतो. पहिल्या दिवशी अर्धा-एक तास घालून त्वचा पाहावी व मग वेळ वाढवावा. झिजेच्या दुखण्यात तो चालण्याच्या व कामाच्या वेळी वापरून, बसल्यावर आणि रात्री झोपताना काढून ठेवावा; शस्त्रक्रियेनंतर मात्र शल्यचिकित्सक सांगेल तोच नियम.

विदर्भाच्या उन्हाळ्यात निओप्रीनखाली घाम साचून घामोळ्या व बुरशी होते, त्यामुळे त्या दिवसांत विणलेल्या, हवा खेळणाऱ्या कापडाचा पट्टा बरा. रानात वापरणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. वेल्क्रोच्या बारीक आकड्यांत कापसाचे तंतू, सोयाबीनच्या शेंगांवरची लव आणि गवताची कुसळे अडकत जातात आणि काही आठवड्यांत बंद चिकटेनासा होतो, मग पट्टा खराब निघाला असे वाटते. जुन्या दातघासणीने किंवा बारीक कंगव्याने ते आकडे साफ केले की पकड बरीचशी परत येते. धुताना वेल्क्रो मिटवून, धातूच्या पट्ट्या निघत असतील तर काढून, कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावे आणि सावलीत वाळवावे. उन्हात रबर कडक होऊन तडकते. ताण गेलेला, सैल पडलेला पट्टा बदलावा.

पट्टा घातल्यावर पायाला मुंग्या आल्या, बोटे निळसर किंवा गार पडली, तर तो तत्काळ काढावा. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, नडगीलगतच्या बारीक हाडाच्या मानेवरून एक मज्जातंतू अगदी त्वचेखालून जातो. त्यावर बंद रुतत राहिला तर पाऊल उचलेनासे होऊ शकते. पोटरी एकाच पायाची सुजून दुखू लागली तर शिरेत रक्ताची गाठ झाली असण्याची शक्यता धरून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मधुमेहाने संवेदना कमी झालेल्यांनी, शिरा फुगलेल्यांनी आणि पायावर जखम असलेल्यांनी विचारल्याशिवाय पट्टा बांधू नये. मार लागल्यावर काही तासांतच गुडघा फुगला, चार पावलेही टाकता येईनात किंवा गुडघा मध्येच अडकून सरळ होईना, तर आधी तपासणी, मग पट्टा. तापासह लाल, गरम झालेला गुडघा ही पट्ट्याची बाब नसून तातडीच्या उपचाराची आहे, कारण सांध्यात पू झालेला असू शकतो. चिकुनगुन्यानंतरची आणि आमवाताची सांधेदुखीही केवळ पट्ट्यावर सोपवू नये.

सोबतचा व्यायाम सोपा आहे. पाय लांब करून, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच ते दहा सेकंद खाली दाबावी आणि सोडावी, असे दहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा. पुढे सरळ पाय वीतभर उचलणे आणि खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी, जो पाय दुखतो त्याच बाजूच्या हातात ती धरण्याची सवय चुकीची आहे. एक किलो वजन कमी झाले तर गुडघ्यावरचा भार दर पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो. निंदणाला उकिडवे बसण्याऐवजी बुटका पाट घेणे आणि घरात कमोड खुर्ची वापरणे या गोष्टी अनेकदा पट्ट्याहून जास्त आराम देतात.

महाराष्ट्र शासनाच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, जिचा शासननिर्णय ६ फेब्रुवारी २०२४ रोजी निघाला, ६५ वर्षे पूर्ण झालेल्या आणि कौटुंबिक वार्षिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साहित्यखरेदीसाठी एकदाच ३,००० रुपये थेट बँक खात्यात मिळण्याची तरतूद आहे, आणि चष्मा, श्रवणयंत्र, ट्रायपॉड, फोल्डिंग वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा यांच्यासोबत नी-ब्रेसचा त्या यादीत स्पष्ट उल्लेख आहे. या रकमेत चांगली नळी किंवा साधा बिजागरी पट्टा येतो, मापून बनवलेला भार सरकवणारा पट्टा येत नाही. रक्कम एकदाच मिळणार असल्याने पट्टा घेण्यापूर्वी शासकीय रुग्णालयातील अस्थिरोग विभागात गुडघा दाखवून प्रकार ठरवून घ्यावा, लिहिलेली तिन्ही मापे दुकानात न्यावीत आणि देयक जपून ठेवावे. रक्कम जमा झाल्यापासून ३० दिवसांच्या आत ते सादर करावे लागते.