सिक्लिड माशांचे संगोपन

सिक्लिड हे प्रामुख्याने गोड्या पाण्यातील माशांचे एक मोठे कुळ आहे. दक्षिण व मध्य अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर आणि दक्षिण आशिया या प्रदेशांत त्याच्या सोळाशेहून अधिक जाती आढळतात. एंजल, डिस्कस, ऑस्कर आणि मलावी सरोवरातील रंगीबेरंगी मासे याच कुळातले. भारतात मूळच्या तीन जाती आहेत. त्यांपैकी एट्रोप्लस सुरॅटेन्सिस हा खाड्यांतील मासा गोव्यात कालुंदर व केरळात करीमीन या नावांनी ओळखला जातो. घरगुती काचपेटीत मात्र बहुधा परदेशी जातीच पाळल्या जातात.

पाणी

कोणता सिक्लिड पाळावा, हे घरात येणाऱ्या पाण्यावर ठरवणे श्रेयस्कर. पुणे शहराला खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या धरणांतून पाणी मिळते. सह्याद्रीत साठलेले हे पावसाचे पाणी सामान्यतः मृदू असते. कूपनलिकेचे किंवा टँकरने आलेले पाणी पुष्कळदा कठीण असते. अॅमेझॉन खोऱ्यातील एंजल व डिस्कस यांना मृदू, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. मलावी व टांगानिका सरोवरांतील माशांना कठीण पाणी व सुमारे ७.८ ते ८.६ सामू लागतो. या दोन गटांना एकाच पेटीत ठेवू नये. मलावी मासे नळाच्या पाण्यात ठेवायचे असल्यास तळाशी प्रवाळाची वाळू किंवा संगमरवराची खडी घालतात. त्यातील कॅल्शियम कार्बोनेट हळूहळू विरघळून पाण्याचा कठीणपणा वाढतो. आपल्याकडील काळ्या बेसाल्टचा पाण्यावर फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे कपारी रचण्यास तो उत्तम. दगड आधी तळावर पक्के बसवावेत व मग वाळू पसरावी. सिक्लिड वाळू उकरतात आणि वाळूवर ठेवलेला दगड काचेवर कोसळू शकतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना घातक असते. पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेटयुक्त द्रावण वापरावे. दर आठवड्याला एकचतुर्थांश पाणी बदलावे. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणीपुरवठा बहुधा गुरुवारी बंद असतो, तेव्हा या कामासाठी दुसरा वार निवडावा.

नव्या पेटीतील मृत्यू

पेटी भरली त्याच दिवशी आणलेले मासे आठवड्याभरात मरतात, ही नवशिक्यांची नेहमीची तक्रार. दोष बहुधा माशांचा नसतो. माशांच्या उत्सर्जनातून व उरलेल्या अन्नातून विषारी अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये व दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. फिल्टरच्या स्पंजात हे जिवाणू पुरेसे वाढण्यास सुमारे चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीत रोज चिमूटभर खाद्य टाकून फिल्टर चालू ठेवावा आणि चाचणीसंचाने अमोनिया व नायट्राइट शून्यावर आल्याची खात्री झाल्यावरच मासे आणावेत. सामू व तापमान जितके अधिक, तितका अमोनिया अधिक मारक ठरतो. त्यामुळे मलावी माशांच्या पेटीत घाई विशेष महाग पडते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, पेटीतूनच काढलेल्या पाण्यात पिळावा. अन्यथा क्लोरीनने जिवाणू मरतात. वीज बराच वेळ जात असेल, तर बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा.

जागा व स्वभाव

ऑस्कर दुकानात बोटाएवढा दिसतो, पण पुढे ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. त्याला दोन फुटी पेटीत ठेवणे क्रूरपणाचे आहे. चार फूट लांबीची, सुमारे दोनशे चाळीस लिटरची पेटीही एका ऑस्करला जेमतेम पुरते. सिक्लिड आपापल्या जागेचे राखणदार असतात, विणीच्या काळात तर अधिकच. कपारी व आडोसे असल्यास मारामाऱ्या कमी होतात. मलावीतील अनेक जातींच्या माद्या अंडी व पिल्ले सुमारे तीन आठवडे तोंडात सांभाळतात आणि त्या काळात बहुधा काही खात नाहीत. खडकांवरील शेवाळ खरवडून खाणाऱ्या जातींना मांसल खाद्य दिल्यास पोट फुगण्याचा आजार जडतो.

बहुतेक जातींना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान योग्य, डिस्कसला थोडे अधिक. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीतील रात्रींसाठी हीटर आवश्यक आहे. उन्हाळ्यात उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून पृष्ठभाग हलता ठेवावा.

नको असलेले मासे

मोठे झालेले मासे दयाबुद्धीने नदीत किंवा तलावात सोडले जातात. ते अत्यंत अनिष्ट आहे. याच कुळातील मोझांबिक तिलापिया १९५२ मध्ये मत्स्योत्पादनासाठी भारतात आणला गेला. तो सर्वदूर पसरला आणि आज उजनी जलाशयात ‘चिलापी’ म्हणून मोठ्या प्रमाणावर पकडला जातो. मुळा-मुठा भीमेला मिळते व भीमा उजनीत जाते, त्यामुळे शहरात सोडलेला मासा शहरापुरता राहीलच असे नाही. असे मासे विक्रेत्याकडे परत द्यावेत किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याकडे सोपवावेत. मोठा ऑस्कर परत घेण्यास विक्रेते सहसा उत्सुक नसतात, म्हणून खरेदीपूर्वीच तसे विचारून घ्यावे.