रायफलची सफाई व तेलपाणी

रायफलची सफाई व तेलपाणी : नळीतला जळक्या दारूचा काळा थर, गोळीमागे राहिलेला तांब्या-शिशाचा अंश आणि दमटपणा पुसून काढून पोलादावर तेलाचा पातळ हात फिरवण्याचे नित्याचे काम. लष्कर, पोलीस आणि राष्ट्रीय छात्र सेना (एनसीसी) या तिन्ही ठिकाणी ते शस्त्रप्रशिक्षणाचाच भाग असते. कोकणपट्टीत रायफल झाडल्याने जेवढी बिघडते, त्याहून जास्त नुसती ठेवल्याने बिघडते. ठाण्यात वर्षाला सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. खाडीलगतच्या माजिवडा–बाळकुम पट्ट्यात खिडक्यांच्या ग्रिलची जी गत होते, तीच उघड्या पोलादाची होते.

गंजाचे मूळ बऱ्याचदा काडतुसातच असते. .303 ली-एनफिल्ड रायफलच्या जुन्या काडतुसांच्या टोपीत (दारू पेटवणाऱ्या भागात) पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत उरतो. मिठासारखाच तो हवेतले पाणी ओढतो आणि तेलात विरघळत नाही. नुसते तेल लावले तर क्षार तेलाखाली सुरक्षित राहतो आणि नळीला आतून खड्डे पडतात. म्हणून ब्रिटिश काळात गोळीबारानंतर नरसाळ्याने नळीत उकळते पाणी ओतत. पाणी क्षार धुऊन नेई आणि तापलेली नळी आपोआप सुकत असे. अलीकडच्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट नसल्याने पाण्याची गरज उरली नाही. कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीला मात्र गरम पाणी अजून लागतेच, कारण काळ्या दारूची राखही तितकीच पाणीओढी.

कामाची सुरुवात तेलाने नव्हे, तपासणीने होते. मॅगझिन काढायचे, बोल्ट मागे ओढायचा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहायचे आणि बोटाने चाचपायचे; नळीचे तोंड सतत सुरक्षित दिशेला. एनसीसीत यासाठी ‘जाँच शस्त्र’ हा हुकूम आहे, आणि ठाण्यातल्या मराठी शाळेच्या मैदानावरही तो हिंदीतच दिला जातो. ‘रिकामीच आहे’ हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून कोणी कामाला लागू नये.

पुढचे साधन म्हणजे पुल-थ्रू : एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला फासे असलेली मजबूत दोरी. ली-एनफिल्डमध्ये ती तेलाच्या छोट्या बाटलीसह दस्त्यातल्या पोकळीतच ठेवलेली असते. वजन चेंबरच्या बाजूने आत सोडतात, फाशात फ्लॅनेलची चिंदी अडकवतात आणि दोरी तोंडातून एका दमात बाहेर ओढतात. सफाईची चिंदी 4 × 2 इंच, तेलाची 4 × 1½ इंच. तेलाची चिंदी सैल हवी, नाहीतर लावलेले तेल तीच पुसून नेईल. दोरी सरळ रेषेत ओढणे फार महत्त्वाचे. ती तिरकी ओढून तोंडाच्या कडेला घासत राहिली तर पोलादातही घळ पडते आणि मग गोळी भरकटते. घाईच्या, हलगर्जी सफाईने खराब झालेल्या नळ्या साफ न केलेल्या नळ्यांइतक्याच वाईट. चिंदी मध्येच अडकली तर टोकाच्या फाशाने मागे ओढायची किंवा रायफल आर्मररकडे (शस्त्र दुरुस्त करणाऱ्याकडे) द्यायची. गोळी झाडून ती उडवण्याचा अतिशहाणपणा केला तर नळी फुगते किंवा फाटते.

एसएलआर (सेल्फ-लोडिंग रायफल) आणि इन्सास या रायफली झाडलेल्या दारूच्या वायुदाबावर चालतात. त्यांत पिस्टन आणि गॅसचा मार्ग यांवर कडक काजळी धरते. ती खरवडली नाही तर रायफल अडू लागते.

तेल किती, यावर नवशिके हमखास चुकतात. बोटाला जाणवेल पण ओघळणार नाही इतकेच हवे. जास्त तेल धूळ धरते, आणि धूळ-तेलाचा लगदा काजळीपेक्षा चिवट. चेंबरमध्ये तेल राहिले तर काडतुसाचे कवच भिंतीला घट्ट धरत नाही आणि बोल्टवर जादा ताण येतो; नळीत राहिले तर पहिली गोळी इतरांपेक्षा वेगळ्या जागी लागते. म्हणून झाडण्यापूर्वी दोन्ही कोरड्या चिंदीने पुसतात. लाकडी दस्त्याला हे तेल चालत नाही, तिथे जवसाचे तेल चोळतात. दसऱ्याच्या शस्त्रपूजनात लागलेले ओले कुंकूही त्याच दिवशी पुसलेले बरे.

क्रीडा नेमबाजीत वेगळाच वाद आहे : नळी किती वेळा साफ करावी. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी ज्या 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, त्या प्रकारातल्या .22 काडतुसाच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखे वंगण असते. त्याचा नळीत बसलेला समतोल थर मोडू नये म्हणून काही नेमबाज नळी क्वचितच साफ करतात, काही नियमित. साफ केल्यावर मात्र स्पर्धेपूर्वी काही गोळ्या झाडून नळी पुन्हा ‘बसवावी’ लागते, यावर दोघांचेही एकमत.

अनेक परवानाधारकांना निवडणुकीच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, तेव्हा ते कित्येक आठवडे हाताबाहेर राहते. त्याआधी नेहमीपेक्षा थोडे दाट तेल लावतात. शस्त्र कापडी किंवा चामडी पिशवीत ठेवून देणे टाळतात, कारण दोन्ही ओल धरतात. परत मिळाल्यावर ते तेल पूर्ण पुसून, नळी उजेडासमोर धरून आतून पाहतात.